पाच दिवस हात लावू नको

“हात काढ, बाय,” बाबल मेस्त्री म्हणाले.

मी मांडीभर पाण्यात उभी होते आणि दोन्ही हातांनी टिटवीचा काठ घट्ट धरला होता. होडी नुकतीच ओंडक्यांवरून घसरत खाडीत उतरली होती. अमावास्येच्या उधाणाचं पाणी दुपारी साडेबाराला शेडच्या पायरीला लागलं होतं; आठवडाभर आम्ही त्याचीच वाट पाहत होतो. आता तेच पाणी होडीत शिरत होतं. एका जागेतून नाही. फळी जिथे जिथे फळीला भेटत होती त्या प्रत्येक रेषेतून, बारीक धारांनी, काही आवाज न करता.

“मेस्त्री, ही बुडते आहे.”

“बुडतली. बुडूकच व्हयी तिका.”

“किती?”

“काठापर्यंत.” त्यांनी खिशातून बिडी काढली, ती भिजलेली पाहून कानामागे खोचली. “बारा वर्सां पत्र्याखाली तापली ती. लाकूड आकसला. आता पिऊंदे पोटभर. प्याली काय फळ्यो फुगतल्यो, फटी आपसूक मिटतल्यो. तू काय असो हात धरून पाणी पाजतलंस तिका?”

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. होडी घेतल्यावर लाकडी होड्यांवरची चार पुस्तकं मागवून वाचली होती, आणि चारहींत हेच लिहिलं होतं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली होडी पाण्यात घातली की आधी भरते, मग फुगते, मग तरंगते. पुस्तकात मात्र पाणी आत येताना दिसत नाही. मी हात काढले. टिटवी हळूहळू खाली बसत गेली. तळाचं लोखंडी वजन मेस्त्रींनी आधीच काढून शेडमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे ती पार तळाला जाणार नव्हती. पण बसायची फळी पाण्याखाली गेली तेव्हा माझे हात पुन्हा काठाकडे गेले.

“आयक,” मेस्त्री म्हणाले. “पाच दिवस हात लावू नको. सहाव्या दिवशी बादलीन उपसून काढ. मगे बघ परत भरता काय. नाय भरला तर झाला काम. भरला तर आणि दोन दिवस पिऊंदे.”

“आणि तुम्ही?”

“मी उद्या गावाक. शिमगो इलो. पंचमीक पोचूक व्हया, देवळातलो ढोल आमच्या घराचो. रंगपंचमी करून येतलंय.”

“म्हणजे तीन आठवडे?”

“होडीक मेस्त्री नको आता. पाणी व्हया,” ते म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

नाना, म्हणजे माझे वडील, नोव्हेंबरमध्ये गेले. गोदीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात त्यांनी कारकुनी केली. माझ्या लहानपणी दर रविवारी दुपारी ते मला धक्क्याच्या कठड्यावर घेऊन जायचे. पाण्यात शर्यती चालत. एकसारख्या बांधणीच्या पंधरा-वीस लहान लाकडी होड्या, पांढऱ्या शिडांवर काळे आकडे. त्या होड्यांचा क्लब फाटकाच्या आत होता आणि आम्ही फाटकाच्या बाहेरचे. नाना एकाही होडीत कधी बसले नाहीत. कोणी बसवलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

“चौदा नंबर बघ,” ते म्हणायचे.

“चौदा कधीच पहिली येत नाही, नाना.”

“नाही येत. पण तिचं शीड एकदा तरी फडफडलं का? बघ नीट. दोर ज्याच्या हातात आहे त्याला वारा कळतो.”

नाना गेल्यावर महिन्याभराने वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात दिसली: शर्यतीची जुनी लाकडी होडी, क्रमांक चौदा, आहे त्या स्थितीत. मी नुसती पाहायला म्हणून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेले. खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिटवी कलंडून पडली होती आणि आत कोंबड्यांनी अंडी घातली होती. मालकाचा पुतण्या म्हणाला, “हॉटेलवाला मागत होता, भट्टीसाठी. सागवान आहे ना, छान जळतं.” मी तिथल्या तिथे हो म्हणून आले.

आईने ऐकलं आणि विचारलं, “होडी? मृदू, आपल्याला पोहता तरी येतं का?”

“नानांना आवडायची.”

“त्यांना पुष्कळ काही आवडायचं,” आई म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

नोव्हेंबरपासून मला कुठलीच गोष्ट तिची तिच्यावर सोडता येत नव्हती. दूध तापत असलं की ओट्यापासून हलता येत नसे. आई दुपारी आडवी झाली की तिचा श्वास चालू आहे का हे पाहायला मी तीन-तीनदा आत जायची. “झोपू दे गं मला,” ती डोळे न उघडता म्हणायची. टिटवीच्या बाबतीतही तसंच. मेस्त्री फटींत कापसाची वात बसवत आणि वरून राळ-तेलाचा मऊ लगदा लावत, तेव्हा मी शेजारी बसून प्रत्येक फट बोटाने तपासायची.

“एवढं सैल?”

“सैलच व्हया.”

“पण यातून पाणी येईल.”

“येऊंदे ना. तू काय पाण्यावर रुसलंस काय?”

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या लाँचने पुन्हा खाडीवर होते. कॉलेजात रजा टाकली होती. ओहोटी होती. दोन खांबांना बांधलेली टिटवी चिखलात बसली होती, आत काठोकाठ गढूळ पाणी, पाण्यावर एक प्लास्टिकची पिशवी आणि मेलेला खेकडा. भरती आली तेव्हा तिचा फक्त काठ दिसत राहिला, पाण्यावर ओढलेल्या एका लांबट रेघेसारखा.

शेडच्या पलीकडे हरेशचं कोळंबीचं तळं होतं. तो डबा घेऊन बांधावर आला आणि माझ्यापासून चार हातांवर बसून जेवायला लागला.

“मॅडम, होरी बुरली तुमची.”

“बुडवलीच आहे. मेस्त्रींनी सांगितलंय तशीच ठेवायला.”

“मेस्त्री तिकरं पालखी नाचवतंय नि होरी इकरं पानी पिते.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “आमचे बापाची होरी बुरली तवा तो तीन दिस जेवला नव्हता. तुम्ही आपल्या खुशाल बसल्यात.”

“तुमच्या वडिलांची होडी जुनी होती का? अशी कोरडी?”

“नाय. ती दगरावर आपटली व्हती.”

तो हसला. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले, काठाच्या आत हात घालून फळ्यांवरून बोटं फिरवली. फटी तशाच वाटल्या. नखाने मोजल्यासारखं करून पाहिलं. काल जेवढं नख जात होतं तेवढंच आजही. बोटांवर लगद्याचा तुकडा निघून आला. मेस्त्रींना फोन केला. मागे ढोल वाजत होते.

“मेस्त्री, लगदा सुटतोय.”

“सुटूंदे. जादा असता तो सुटता.”

“फटी मिटत नाहीयेत.”

“किती दिवस झाले?”

“तिसरा.”

“मगे पाच झाल्यार फोन कर,” ते म्हणाले. कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी पाच दिवस थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीजवळच्या रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, लाकडी होडीच्या फटी भरायच्या आहेत, पाणी येता कामा नये. त्याने दोन डब्यांतली लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, दिली. दोन्ही एकत्र कालवायची आणि भरायची. “दगड होतो, मॅडम. मोठ्या जहाजाला लावतात. वर हातोडा मारलात तरी हलणार नाही.”

चारहींपैकी एका पुस्तकात अशा लांबीबद्दल एक परिच्छेद होता. तो मी वाचला होता. त्या दिवशी तो मला आठवला नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तो आठवला होता.

हरेशने तळ्यावरचा डिझेल पंप आणून टिटवी उपसली. भरतीला सहा जणांनी तिला ओढून काठावर घेतलं. “नको बोलले ना मेस्त्री?” त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, “होडी माझी आहे.” दोन दिवस फाल्गुनाच्या उन्हात ती पुन्हा वाळली. मग मी एकटीने, गुडघ्यांवर बसून, डोक्याला ओढणी बांधून, एकेका फटीतली मेस्त्रींची वात उकरून काढली आणि लांबी ठासून भरली. टोकापासून टोकापर्यंत. अंगठ्याने दाबून, जागा उरू न देता. तेवढे तीन दिवस मला शांत झोप लागली.

टिटवी पुन्हा पाण्यात घातली आणि थेंबभरही पाणी आत आलं नाही.

मी आत बसले. तळाला हात लावला, हात कोरडा. आईला फोन करून सांगितलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “मग आता जेव.” मी तिला म्हटलं, तू ये पाहायला. रविवारी ती आली. लाँचवर चढताना-उतरताना माझा दंड धरला होता, पण काठावर आल्यावर तिने हरेशने दिलेली खुर्ची सावलीत ओढली आणि पदर खोचून बसली. टिटवी तिच्यासमोर पंधरा-वीस हातांवर तरंगत होती. तिच्या टोकाशी चौदाचा आकडा मी नव्याने रंगवला होता.

“लहान आहे गं,” आई म्हणाली. “त्यांच्या बोलण्यातून मला केवढी तरी वाटायची.”

“वारा आला की मोठी वाटते.”

“तू बसून दाखव.”

मी पाण्यातून गेले आणि आत चढले. पाण्याला हालचाल नव्हती. दुपारचा एक वाजला असेल. मी आईकडे पाहून हात केला, तिने केला. आणि माझ्या पायाखाली कट् असा आवाज झाला.

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, पण ओला. मी पाय उचलून पाहिला. वाटलं, काहीतरी तुडवलं. मग दुसरा झाला, माझ्यापासून लांब, पुढच्या टोकाकडे, जिथे कोणी नव्हतं. थोड्या वेळाने तिसरा.

काठावर आई उभी राहिली होती. मला वाटलं, ऊन लागलं तिला.

“बाहेर ये, मृदू,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. “बाहेर ये तिच्यातून.”

मी बाहेर आले, चिखलातून चालत शेडच्या मागे गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. आईने बाटलीतलं पाणी हातावर घातलं.

मग मी परत जाऊन तळाच्या पट्ट्या उचलल्या. फळ्यांना आतून धरून ठेवणारी, बोटाएवढ्या जाडीची वाकवलेली लाकडं असतात. मेस्त्री त्यांना वाक म्हणत. टिटवीला चौतीस वाक होते. त्यांतले तीन मधोमध चिरले होते. पाणी कोरड्या फळ्यांत बाहेरून मुरतच होतं. फळ्या फुगत होत्या आणि फटींतल्या दगडामुळे त्यांना सरकायला जागा नव्हती. म्हणून त्या सगळ्या मिळून वाकांना ओढत होत्या. त्या परिच्छेदात पुस्तकाने हेच सांगितलं होतं. संध्याकाळच्या लाँचपर्यंत पाच झाले. होळीच्या उधाणात हरेश आणि त्याच्या माणसांनी टिटवी शेडमध्ये ओढून घेतली तोवर नऊ.

मेस्त्रींना मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. ते दहा-बारा दिवस मी मनात त्यांच्याशी बोलत होते. कधी सांगायची, दुकानदाराने फसवलं. कधी, हरेश म्हणाला होडी हातची जाईल, म्हणून त्यानेच पंप लावला. हे दुसरं तर निम्मं खरंच होतं, आणि हरेशला मेस्त्री तसेही ओळखून होते. जसजशी रंगपंचमी जवळ आली तसतसं हे बोलणं माझ्या तोंडात अधिकाधिक सफाईने बसायला लागलं.

रंगपंचमीनंतरच्या रविवारी मेस्त्री येणार होते. आई सकाळी साडी नेसून तयार होती.

“तू कशाला येतेस? ऊन आहे.”

“मला यायचंय,” ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा मेस्त्री शेडमध्ये होडीशेजारी उकिडवे बसले होते. कानाच्या पाळीमागे अजून गुलाल होता. हरेश दाराशी उभा होता, हात मागे बांधून. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते एका फटीवर नखाने टकटक करत होते, मग दुसऱ्या फटीवर, मग तिसऱ्या. मग उठून आत वाकले आणि एकेका वाकावरून हात फिरवत गेले. तुटलेल्या वाकाशी हात थांबे. नऊ वेळा थांबला. मग त्यांनी हात धोतराला पुसले.

“ह्यां कोणी केल्यान?”

आवाज अगदी साधा होता. रागावलेला असता तर मला सोपं गेलं असतं.

हरेशने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. तो काही बोलणार नव्हता, हे मला दिसत होतं. आई माझ्या उजव्या हाताला उभी होती.

हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता.

नानांना दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशी त्यांनी आईला आणि मला पलंगावर बसवून घेतलं होतं. “ऐंशी झाली,” ते म्हणाले. “हृदय बंद पडलं तर पडू द्या. छाती दाबायची नाही, यंत्रं लावायची नाहीत. मृदू, ऐकलंस ना?” मी मान हलवली होती. चौथ्या दिवशी दुपारी, आम्ही दोघी खोलीत असताना, त्यांचं हृदय बंद पडलं. धावत आलेल्या डॉक्टरने दारातूनच विचारलं, करायचं ना? आईने मान हलवली, नको अशी. मी म्हटलं, करा.

आम्हाला बाहेर जा म्हणायला कोणाला सवड नव्हती. त्याने दोन्ही तळहात नानांच्या छातीवर ठेवून दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आवाज झाला. मग आणखी. आईने माझा हात धरला होता, तो सोडला.

हृदय सुरू झालं. नाना आणखी अकरा दिवस जगले, पाच मोडक्या बरगड्या घेऊन. त्यांना खोकता येत नसे. प्रत्येक श्वास ते मोजून घेतल्यासारखा घेत. दुसऱ्या दिवशी जरा बोलता यायला लागल्यावर त्यांनी विचारलं, “हे कोणी सांगितलं यांना?”

“डॉक्टरांनीच ठरवलं, नाना,” मी म्हटलं. “आम्ही बाहेर होतो.”

आई पायथ्याशी मोसंबं सोलत होती. सोलत राहिली. त्यानंतर याबद्दल तिने मला एक शब्द विचारला नाही. अकरा दिवसांत नाही, आणि पुढचे चार महिनेही नाही.

“काय विचारतंय मी?” मेस्त्री म्हणाले. “कोणी केल्यान?”

“मी केलं,” मी म्हटलं. “तुम्ही नको म्हणाला होता. पुस्तकातही नको लिहिलं होतं. मला थांबवेना, म्हणून केलं. हरेशनेही मला विचारलं होतं. त्याचा यात काही संबंध नाही.”

मेस्त्रींनी टिटवीच्या बाजूवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

“लाकूड फुगतला,” ते म्हणाले. “फुगल्यार तेका जागा व्हयी. जागा नाय गावली तर ता दुसऱ्याक मोडता. तेचो दोष नाय.” मग कोपऱ्यातल्या पेटीतून त्यांनी टोकाशी आकड्यासारखं वळवलेलं एक लोखंड काढलं आणि माझ्या हातात दिलं. “ही दगडी लांबी आधी काढूक व्हयी. सगळी. मी नाय काढूचंय. तू भरलंस, तू काढ.”

“किती दिवस लागतील?”

“भरूक किती लागले?”

“तीन.”

“मगे म्हयनो धर,” ते म्हणाले. हरेश फस्सकन हसला आणि मेस्त्रींनी पाहताच बाहेर सटकला. “फळी सोलू नको. आणि बोटां सांभाळ.”

ते चहा करायला मागे गेले. मी जमिनीवर बसले आणि पहिल्या फटीत लोखंड घातलं. दुकानदार खरं बोलला होता. ते हलत नव्हतं. दोन्ही हातांनी ओढल्यावर नखाएवढा कपचा उडाला. मग आणखी एक. आई आपली खुर्ची घेऊन आली आणि माझ्याशेजारी टेकली.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

मी लोखंड थांबवलं नाही. “काय?”

“तू करा म्हणालीस ते. मी सांगितलं त्यांना. तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा.”

“कधी?”

“त्याच दिवशी. तू खोटं बोललीस, त्यानंतर तासाभराने. मला नाही ठेवता येत असलं काही पोटात, तुला ठाऊक आहे.”

आता मी थांबले. “काय म्हणाले?”

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. “म्हणाले, मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. नाहीतर इथे बसून सारखी माफी मागत राहील आणि मला हसू येईल. हसलं की फार दुखतं गं, म्हणाले.”

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता.

“इतके दिवस का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? तू ते खोटंच धरून बसली होतीस. आधी ते सोडशील, मग सांगेन म्हटलं.” तिने वाकून माझ्या केसांतला लांबीचा कपचा काढला. “चल, हात चालव. म्हातारा चहा घेऊन येईल आणि बोलेल.”

लांबी काढायला महिना नाही, सात आठवडे लागले. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याचा वण अजून आहे. पावसाळ्यानंतर मेस्त्रींनी नऊ वाक नवे घातले, लाकूड वाफेवर वाकवून, एकेका दिवसाला एक. तुटलेले वाक त्यांनी चुलीत घातले आणि त्यावर आमचा चहा केला. माघी अमावास्येला टिटवी पुन्हा खाडीत उतरली, पुन्हा प्रत्येक रेषेतून पाणी आत आलं, आणि मेस्त्री पुन्हा शिमग्याला निघाले. सहाव्या दिवशी मी बादलीने पाणी उपसलं. ते पुन्हा थोडं भरलं. आठव्या दिवशी पुन्हा उपसलं आणि मग उपसायला काही उरलं नाही. पुढे वजन बसवलं, डोलकाठी उभी केली. त्याला आता चौदा वर्षं झाली. टिटवी आजही पहिली येत नाही.

पण पाणी आटलेला तो दिवस मला तेवढा आठवत नाही. आठवतो तो त्याच्या आठवडाभर आधीचा, टिटवी पाण्यात सोडली तो. दुपारचे दोन वाजले होते. बसायची फळी पाण्याखाली गेली होती. मी चिखलाने भरलेले पाय धुतले, चपला घातल्या, आईला हात दिला आणि आम्ही दोघी रेवसच्या धक्क्याकडे चालायला लागलो. लाँच सुटली. आई कठड्याशी, वाऱ्याच्या बाजूला बसली, भुईमुगाच्या शेंगांची पुडी मांडीवर घेऊन. पाच दिवस मी तिथे फिरकणार नव्हते. किनारा बराच मागे पडल्यावर तिने विचारलं, “बुडाली असेल का गं एव्हाना?”

“बुडाली असेल,” मी म्हटलं आणि शेंगांसाठी हात पुढे केला.